तिसऱ्या पक्षातला दत्ताराम

आमच्या नाक्यावर दत्तारामचा नवा बॅनर लागलाय. हात जोडलेले, दात दिसतायत, शर्ट पांढराफेक. म्हणायला नवा, फोटो मात्र जुनाच. मला कसं कळलं? त्याच्या डाव्या कानाखाली छोटी चिकटपट्टी दिसते. गेल्याच्या आधीच्या निवडणुकीत तिथे गळू झालं होतं आणि ती पट्टी मी माझ्या हाताने लावली होती. फक्त गळ्यातल्या उपरण्याचा रंग कॉम्प्युटरवर बदलून घेतलाय. पक्ष बदललास तो बदललास, निदान फोटो तरी नवा काढायचास ना मेल्या! तेवढीही लाज ठेवली नाही.

पक्षांची नावं मी घेणार नाही. भीती वाटते म्हणून नाही, ह्या वयात मला कोण काय करणार? पण मी नाव लिहायचं आणि तुम्ही वाचेपर्यंत तो तिथूनही उठलेला असायचा. हा त्याचा तिसरा पक्ष. पहिला, दुसरा, तिसरा, एवढंच म्हणते.

मी सिस्टर. दहिसरला नदीच्या अलीकडे आमची वाडी, आणि वाडीच्या तोंडाशी पालिकेचं प्रसूतिगृह. वीस खाटांचं, एकमजली. तिथे मी पंचवीस वर्षं काढली. वाडीतले बहुतेक सगळे मालवणकडचे, गिरणीत होते त्यांची मुलं आणि नातवंडं. मी साताऱ्याकडची, बौद्ध. आमच्या घरात देव नाहीत. पण लग्न होऊन वाडीत आले ती इथलीच झाले. मालवणी बोलता येत नाही, शिव्या मात्र सगळ्या येतात.

दत्ताराम तेव्हा केबलवाला होता. कमरेला वायरचं भेंडोळं आणि वरच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. पुढे नगरसेवक झाला तरी टेस्टर काही गेला नाही. मत मागायला घरात शिरला की आधी वर बघणार. ट्यूब फडफडत असली तर कोणाला न विचारता स्टुलावर चढून स्टार्टर फिरवणार. "हां, आता बोला." मग चहा. चहा अर्धाच घेणार, कारण अजून चाळीस घरं व्हायची असायची. आणि जाताना त्याचं ठरलेलं वाक्य, "काम सांगा, कारण सांगू नका." कोणाच्या सुनेचं रेशनकार्डात नाव नाही, कोणाच्या पोराला शाळेत घेत नाहीत, सगळं त्याच्या डोक्यात. वही नाही, काही नाही. नाव, खोली आणि गाव एकदा ऐकलं की झालं. खोटं कशाला बोलू, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणून तर इतकी चीड येते. नालायक असता तर कोण कशाला त्याच्यावर लिहीत बसलं असतं?

आमची खरी ओळख पुरात झाली. एका पावसाळ्यात नदी फुगली आणि भर दुपारी पाणी वॉर्डात शिरलं. सहा बाळंतिणी, त्यातल्या दोघी सिझरच्या, सात बाळं, कारण एकीला जुळी. डॉक्टरबाई पलीकडे अडकलेल्या. मी, एक आया आणि वॉचमन, बस. तेवढ्यात हा कमरेएवढ्या पाण्यातून आला. डोक्यावर टीव्हीचं रिकामं खोकं. मी ओरडले, "अरे, तुला टीव्ही सुचतोय का आत्ता?" तो म्हणाला, "सिस्टरबाय, टीव्ही नाय, थर्माकोल." खोक्यात थर्माकोलचा साचा तसाच होता. त्यात त्याने टॉवेल घातला आणि म्हणाला, "दे पोरां." दोन बाळं एका खेपेला. प्रसूतिगृहाच्या खिडकीपासून शाळेच्या जिन्यापर्यंत त्याने केबलची वायर ताणून बांधली होती, तिला धरून तो खोकं डोक्यावर घेऊन जायचा. चार खेपांत सातही बाळं शाळेच्या वरच्या मजल्यावर, आणि बाळंतिणींना वाडीतल्या पोरांनी खुर्चीत बसवून नेलं. कोणतं कोणाचं ह्यात घोळ नको म्हणून मी त्यांच्या पायावर शाईच्या पेनाने खाटेचा नंबर घातला. शेवटच्या खेपेला मी बघितलं, त्याचे तळवे वायरने कापून गेले होते. मी ड्रेसिंग करत होते आणि हा वेडा त्या बाळांची नावं ठेवत बसला होता.

त्या पुराने त्याला निवडून दिलं. पहिल्या पक्षाने तिकीट दिलं, पण वाडीने मत दिलं ते त्या खोक्याला.

पाच वर्षांनी तो दुसऱ्या पक्षात गेला. खरं तर तेव्हाच त्याचा कान धरायला हवा होता. पण आम्ही हसलो! वाडीत पाणी यायचं पहाटे वीस मिनिटं, सत्ता होती दुसऱ्या पक्षाची. दत्ताराम दारोदार सांगत फिरला, "अहो, केबलवाला बदलला तरी घरात सिरियल तीच दिसते ना? मग झालं तर." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आणि सहा महिन्यांत खरंच मोठी पाइपलाइन आली. पाणी दोन तास यायला लागलं. मग कोण बोलणार? उलट आम्हीच एकमेकींना सांगायचो, बघ किती हुशार, गेला आणि पाणी घेऊन आला. त्याला हा धडा आम्ही शिकवला. पक्ष सोडला तरी माणसं सोडत नाहीत, हे त्याला तिथे कळलं.

पुढच्या खेपेलाही आला निवडून. आणि त्यानंतर काही महिन्यांतच आमच्या प्रसूतिगृहाला टाळं लागलं.

एका सकाळी ड्यूटीवर गेले तर दारावर कागद. इमारत धोकादायक, दुरुस्तीसाठी तात्पुरती बंद. स्टाफला इकडेतिकडे पांगवलं, मला एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तिथूनच रिटायर झाले. त्या 'तात्पुरती'ला आता सात वर्षं झाली. वाडीतल्या बायका बोरिवलीला जातात, कांदिवलीला जातात, नाहीतर कर्ज काढून प्रायव्हेटमध्ये. चेकनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात कळा काढणारी बाई बघितलीत कधी? मी बघितलीय. शेजारच्या कमलची सून. पाऊण तास ती माझा हात पिळत होती आणि मी तिला खोटंच सांगत होते, "आलं हं, आलंच." जिथे मी पंचवीस वर्षं बाळंतपणं केली त्या दारावरूनच ती रिक्षा गेली. दाराला कुलूप. माझ्या जिवाचा नुसता संताप संताप झाला.

तेव्हा दत्ताराम आमच्या बाजूने होता. आणि असा तसा नाही, पोटतिडकीने. त्याने प्रसूतिगृहाच्या पायरीवर धरणं धरलं. अकरा दिवस. आम्ही बायका आळीपाळीने बसायचो, हा रोज सकाळी यायचा आणि संध्याकाळी उठायचा. सातव्या दिवशी कोणीतरी साहेब आले आणि दत्तारामला म्हणाले, "तुमचाच पक्ष सत्तेत आणि तुम्हीच रस्त्यावर?" हा म्हणाला, "पक्ष मताच्या मशीनवर असतो साहेब. बाळंतीण रस्त्यावर आहे." काय टाळ्या पडल्या! आणि त्याच दिवशी पायरीवर उभा राहून सगळ्यांसमोर त्याने शब्द दिला, "हे दार उघडलं नाही तर मी पुढच्या वेळी तुमच्या दारात मत मागायला येणार नाही."

मग बातमी लागली की ती जागा एका ट्रस्टला द्यायचं चाललंय. दहा मजली खासगी हॉस्पिटल, त्यात गरिबांसाठी काही खाटा राखीव. राखीव म्हणजे काय ते मला शिकवू नका, मी त्याच धंद्यात हयात घालवलीय. दत्तारामनेच हरकतीचा अर्ज लिहिला. पहिलं नाव त्याचं, खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या. कित्येक म्हाताऱ्यांचे अंगठे मी स्वतः घेतले, स्टॅम्पपॅड घेऊन दारोदार फिरले. एक मुलगी म्हणालीसुद्धा, "सिस्टर, आपण वेगवेगळे अर्ज करूया ना, प्रत्येकाचा एक." मीच तिला गप्प केलं. म्हटलं, दत्तारामच्या नावामागे राहिलो की वजन पडतं. मी, हो मीच म्हटलं हे.

तो अर्ज तिकडे फायलीत बसून राहिला. मधली काही वर्षं निवडणूकच झाली नाही, आज होते उद्या होते करत लांबत गेली. पद गेलं होतं, तरी आम्ही त्याला नगरसेवकच म्हणायचो. मग एकदाची निवडणूक येणार असं दिसायला लागलं, आणि दत्ताराम वाडीत कमी दिसायला लागला.

आता पूजेचं सांगते. वाडीची सत्यनारायणाची पूजा दरवर्षी असते. मी हात जोडत नाही, पण जाते. माणसं भेटतात, आणि शिरा मला आवडतो. पूजा झाली की गाऱ्हाणं. ते मालवणी लोकांचं, ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगते. एक जण देवापुढे उभा राहून मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळी वाडी एका आवाजात म्हणते, "व्हय म्हाराजा!" अर्थ कोणी ऐकत नाही. गाऱ्हाणं घालणारा श्वास घ्यायला थांबला की आपोआप तोंड उघडतं. लहान पोरंसुद्धा खेळता खेळता ओरडतात. तीस वर्षांत माझ्याही तोंडात ते बसलं होतं.

गाऱ्हाणं नेहमी दत्तारामच घालायचा. आवाज तसाच होता त्याचा. त्या दिवशीही तोच उभा राहिला. त्याच्या दोन माणसांनी मोबाइल वर धरले होते, ते मला दिसलं. पण हल्ली कोण धरत नाही मोबाइल?

"बा बारा-पाचाच्या देवा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत, त्यांची राखण कर रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या घरात आजारपण असात, तां दूर कर रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझां ह्यां लेकरू दत्ताराम, वाडीच्या भल्यासाठी नव्या पक्षात जाता हा, तेच्या पाठीक उभो रव रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"थंय बंद दवाखान्याच्या जाग्यार ट्रस्टचां मोठां हॉस्पिटल उभां रवांदे रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटचा 'म्हाराजा' तोंडातून बाहेर पडला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बाजूला कमल होती. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. "गो, काय म्हणालो तो?" ती म्हणाली. तोवर घंटा वाजली, प्रसादाची रांग लागली. दत्ताराम मागच्या दाराने निघूनही गेला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर तो व्हिडिओ. वर अक्षरं, 'अख्ख्या वाडीचा एकमुखी पाठिंबा'. आणि पहिल्या रांगेत मी. मोठ्ठं तोंड उघडलेलं. ज्या बाईच्या घरात देव नाही, ती देवासमोर दत्तारामच्या पक्षांतराला व्हय म्हणतेय! माझ्या मुलाचा फोन आला, "आई, तू पण?" मी फोन ठेवून दिला.

मी तशीच चप्पल घालून दत्तारामच्या ऑफिसात गेले. नवा फ्लेक्स लावत होते. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं, मला खुर्ची दिली. मी बसले नाही.

"दत्ता, हरकतीचा अर्ज?"

"मागे घेतला."

"आमच्या सह्या होत्या त्याच्यावर!"

"अर्जदार मी होतो ना सिस्टरबाय." डोळे खाली होते त्याचे. मग वर बघून म्हणाला, आणि हे मात्र खरं बोलला, "हे बघ, तुझ्यापासून काय लपवायचं. नव्या पक्षाने सर्व्हे केला. तिकडे राहिलो तर मी पडतो. ह्यांच्याकडून उभा राहिलो तर येतो. एवढंच आहे. आणि ह्यांची एकच अट होती."

"आमचं प्रसूतिगृह."

"अगं, पडलो तर तुमची कामं कोण करणार?"

"आणि निवडून येऊन काय उपटलंस? सात वर्षं कुलूप बघतोयस ना तू पण? पायरीवर उभा राहून काय बोलला होतास? दारात येणार नाही म्हणालास!"

तो टेस्टर खिशातून काढून टेबलावर आपटत राहिला, टक टक टक. म्हणाला, "सिस्टरबाय, राजकारणात भावना ठेवून चालत नाही."

मी म्हटलं, "भावना नको ठेवूस. शब्द ठेव." आणि निघाले. रस्त्यात मला रडू आलं, रागाने. मला राग आला की रडू येतं, लहानपणापासून.

मग मी माझा स्वतःचा अर्ज केला. हरकती पुन्हा मागवल्या होत्या, मुदत संपायला दोन दिवस होते. सुनावणीला बोलावलं. समोर एक साहेब, बाजूला ट्रस्टचे वकील, मागे पंधरावीस माणसं. मी तयारी करून गेले होते. वॉर्डात किती बायका, जवळचं प्रसूतिगृह किती लांब, रिक्षाला किती वेळ लागतो, सगळं लिहून नेलं होतं. साहेब नीट ऐकत होता, मान हलवत होता. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात वकील उठला आणि त्याने मोबाइल साहेबांपुढे धरला. आवाज पूर्ण मोठा. "व्हय म्हाराजा!"

साहेबाने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्या तुम्हीच ना?"

"हो."

"हॉस्पिटल व्हावं ह्याला तुम्ही होय म्हणताय इथे."

"साहेब, ते गाऱ्हाणं आहे. सवयीने म्हणतात."

"मग काय लिहू? सवयीने पाठिंबा दिला?"

मागची माणसं हसली. त्यात वाडीतलेही दोघे होते. मी कागद पिशवीत घातले आणि बाहेर आले. पंचवीस वर्षांत माझ्या हातून एक बाळ इकडचं तिकडे गेलं नाही, आणि ह्या लोकांनी एका 'व्हय'मध्ये माझी किंमत केली.

निवडणूक झाली. दत्ताराम वाडीत आला, माझं घर सोडून बाकी सगळ्या घरांत गेला. तेवढा शब्द पाळला म्हणायचा, फक्त माझ्यापुरता! शेजारच्या खोलीत त्याने पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त करून दिला. शेजारीण मला म्हणाली, "कसाही असला तरी माणूस चांगला हा गो." मी तिच्यावर इतकी खेकसले की ती चार दिवस बोलली नाही. तो निवडून आला. पुढच्या महिन्यात प्रसूतिगृहाभोवती पत्रे उभे राहिले आणि आतून जेसीबीचा आवाज यायला लागला. मी त्या दिवसांत दूध आणायलासुद्धा लांबच्या रस्त्याने जायचे.

त्याला शेवटचं बघितलं ते गेल्या आठवड्यात. सकाळचे दहा वाजले होते. मी भाजी निवडत होते. दारात सावली पडली. एकटाच होता, उपरणं नाही, मागे पोरं नाहीत. हातात बर्फीचे पुडे भरलेली मोठी पिशवी, आणि चेहरा असा की रागसुद्धा क्षणभर विसरायला झालं.

"सिस्टरबाय, नात झाली!"

"वजन किती?" माझ्या तोंडून गेलं.

"दोन आठशे."

"लगेच रडली?"

"लगेच! आणि काय आवाज, सगळा मजला डोक्यावर घेतलान." तो उंबऱ्यातच बसला, चपला काढून. मालाडच्या कुठल्याशा मोठ्या हॉस्पिटलात झालं म्हणाला. सगळं कसं चकाचक, एसी, लॉबीत कॉफीचं मशीन. मग त्याचा आवाज खाली आला. "पण पोरगी आत एकटीच होती गं. पंधरा तास. आम्हाला कोणालाच सोडलं नाही. आतल्या नर्सा सारख्या बदलत होत्या, एकीला हिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मी बाहेर बसलो होतो ना, तेव्हा मला सारखी तुझी आठवण येत होती. म्हटलं, आज सिस्टरबाय असती तर."

मी हातातली मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"असती तर म्हणजे काय रे?" मी उठून उभी राहिले. "मी होते की! इथेच होते, ह्याच खोलीत, मेथी निवडत होते. मला कुठे बोलावणार होतास? त्या पत्र्यांच्या मागे?"

"सिस्टरबाय, आजच्या दिवशी..."

"आजच्याच दिवशी ऐक. कमलच्या नातवाला, ओमला ओळखतोस ना? शेवटचं बाळंतपण माझ्या हातचं, टाळं लागायच्या आदल्या आठवड्यातलं. आपल्या वॉर्डात जन्मलेलं सगळ्यात धाकटं पोर ते. आता दुसरीत आहे. त्याच्या पाठीवर इथे कोणी जन्मलंच नाही, दत्ता. एवढा मोठा तुझा वॉर्ड, आणि सात वर्षांत एक बाळ नाही. तुझी नातसुद्धा नाही."

मग त्याने पिशवीतून एक पुडा काढून पुढे केला. मी हात पुढे केला नाही. त्याने तो परत पिशवीत ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरला.

मी गॅलरीत जाऊन बघितलं. नळापाशी पोचेपर्यंत त्याची मान वर झाली होती. वाण्याच्या पायरीपर्यंत हसू आलं होतं. "नात झाली, नात झाली," म्हणत तो एकेका दारात बर्फी देत चालला होता, आणि लोक तोंड गोड करून घेत होते.